चावीची शिंपीण

तिचे वडील पत्र्याची खेळणी करायचे, म्हणून तिला लहानपणी सगळे पत्रेवाल्याची लेक म्हणत. पुढे ती स्वतः पत्र्याच्या कारखान्यात कामाला लागली आणि नुसती पत्रेवाली झाली. नावाशी तिचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते एका माणसाशी, आणि ते तिने एकवीस वर्षं मनात जपून ठेवलं होतं.

त्या माणसाला बाजारात भिंगवाला म्हणत. जुन्या वस्तूंचा व्यापारी. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं, बोलणं मधाळ. वडिलांचं दुकान बंद पडलं, छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा हा घरी आला होता. फळीवर एकशे बारा शिंपिणी मांडलेल्या होत्या. चावी दिली की पत्र्याची बाई मान खाली घालून मशीन फिरवायची आणि सुई टकटक वरखाली व्हायची. तिचा चेहरा आईचा होता. आई आयुष्यभर शिवणकाम करत गेली. तिच्या डाव्या गालावरचा तीळसुद्धा वडिलांनी प्रत्येक शिंपिणीला बारीक ब्रशने स्वतः काढलेला.

भिंगवाल्याने एक उचलली, भिंगातून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. आता प्लॅस्टिकचा जमाना आहे, हे भंगार कोण घेणार, तुमच्याकडे बघून वजनावर नेतो, असं म्हणाला. ताणकाटा बरोबरच आणला होता. आईचा चेहरा पोत्यात भरून काट्याला लटकवलेला तिने दारात उभं राहून पाहिला. साचे तेवढे वडिलांनी दिले नाहीत. ते लोखंडी साचे त्यांनी पायाने खाटेखाली सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. चार महिन्यांत ते गेले.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, माणूस निष्ठुर निघाला, पण व्यवहार म्हणजे व्यवहार. मग एक दिवस कारखान्यात कुणीतरी डबा गुंडाळून आणलेला चकचकीत कागद तिच्या हाती पडला. लिलावाच्या माहितीपुस्तकाचं पान होतं ते. त्यावर शिंपिणीचा फोटो, आणि खाली लिहिलेलं : अनाम कारागीर. जगात फक्त सात नग शिल्लक. मागच्या लिलावात एकीला दोन लाख ऐंशी हजार मिळाले होते.

आकडा तिने दोनदा वाचला. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती ‘अनाम’ या शब्दाने. वडिलांच्या खाटेशेजारी बसून, त्यांना नावाने हाक मारत त्याने भाव पाडला होता.

तिने आरडाओरडा केला नाही. लिलाव तीन महिन्यांवर होता. ती खाटेखालचे साचे बाहेर ओढायला बसली. गंज घासून काढला, तेल दिलं. वडील जुन्या बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा वापरायचे. तिनेही भंगारातून तसलेच डबे आणले. कारखान्यातून आली की हातपाय धुऊन वडिलांच्या जुन्या दाबयंत्रावर बसायची. पहिल्या सहा बिघडल्या. सातवीची सुई हलली. रंगाची चकाकी तिने बारीक पूड चोळून उतरवली. तीळ काढताना मात्र हात थांबायचा. आईचा चेहरा आपण कशासाठी काढतोय, हे तिला नीट माहीत होतं. तरी ती काढत गेली.

लिलावाच्या सकाळी तिने लिलावघराच्या फाटकाबाहेर, रस्त्याकडेला टेबल मांडलं. टेबलावर चाळीस शिंपिणी. पाटी लिहिली : त्याच साच्यातून, गेल्या महिन्यात केलेल्या. किंमत दोनशे.

संग्राहक गाड्यांमधून उतरत होते आणि थबकत होते. पंधरा मिनिटांत भिंगवाला धावत बाहेर आला. केस पिकले होते, भिंग तेच होतं. त्याने आधी टेबल पाहिलं, मग तिला, आणि त्याला ओळख पटली.

“ताई, हे काय मांडलंय तुम्ही?” तो हळू आवाजात म्हणाला.

“माल मांडलाय. तुम्ही आत मांडलाय, मी बाहेर.”

त्याने तिला फाटकाच्या आडोशाला बोलावलं. ती जागची हलली नाही, तेव्हा तोच वाकून बोलायला लागला. झालं गेलं विसरा, म्हणाला. आजच्या आज तुमच्या वडिलांचं नाव पुस्तकात छापायला सांगतो, फोटो द्या, माहिती द्या. कारागिराला नाव मिळालं की भाव आणखी चढेल. तुमचा वाटा तुम्ही सांगाल तो. एवढं टेबल फक्त उचला.

वडिलांचं नाव. याच एका गोष्टीसाठी ती तीन महिन्यांपूर्वी त्याच्या पायाही पडली असती. आता ते शब्द त्याच्या तोंडून ऐकताना तिला एवढंच दिसलं, की माणूस घाबरलाय. आणि त्याचं घाबरणं तिला नावापेक्षा गोड लागलं.

“एकशे बारा तुम्ही वजनावर नेल्यात,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “सात कशा राहिल्या? बाकीच्या गोदामात का?”

घोळक्यातला एक जाडसर संग्राहक पुढे झाला. त्याच्याकडे अशा दोन होत्या. तो आत गेला आणि लिलावघराच्या कारकुनाला शिंपिणीसकट घेऊन आला. लिलावाच्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला नंबराची चिठ्ठी चिकटवलेली असते. कारकुनाने ती शिंपीण टेबलावरच्या तिघींमध्ये मिसळून ठेवली आणि जाडसर गृहस्थ भिंगवाल्याला म्हणाला, “उलटी न करता सांगा, तुमची कोणती?”

भिंगवाला हसला. भिंग डोळ्याला लावलं. एक पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिलीकडे आला. कपाळावर घाम दिसायला लागला. शेवटी त्याने एकीवर बोट ठेवलं. कारकुनाने ती उलटी केली. बूड कोरं होतं.

लोक आत गेले. दाराशी उभं राहून तिने लिलाव ऐकला. शिंपिणीचा पुकारा झाला, बोली ऐंशी हजारांपासून सुरू करायची होती. एकही हात वर झाला नाही. पन्नास, वीस, दहा. मग लिलाव करणाऱ्याने घसा खाकरून पुढची वस्तू घेतली. पहिल्या रांगेत भिंगवाला मांडीवर हात ठेवून बसला होता, पत्र्याचाच केल्यासारखा. तिने त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं.

बाहेर येऊन ती टेबल आवरत होती तेव्हा एक म्हातारी तिच्याजवळ आली. शिक्षिका होते, निवृत्त झाले, असं तिने सांगितलं. हातातल्या पिशवीतून तिने मऊ फडक्यात गुंडाळलेली शिंपीण काढली. मागच्या वर्षी, साठवलेल्या पैशांतून घेतलेली. माझी आई अशीच बसायची मशीनवर, म्हणाली.

“एवढंच सांग बाळ, ही तुझ्या वडिलांनी केलेली, की तू?”

मागच्या वर्षी साचे खाटेखाली गंजत पडले होते. ही वडिलांचीच होती, यात शंकाच नव्हती. पण भिंगवाला दोन पावलांवर, पायरीवर उभा होता आणि कान टवकारून ऐकत होता. ती खरं बोलली असती तर त्याच्या गोदामातल्या प्रत्येक शिंपिणीत पुन्हा जीव आला असता.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. फडकं पूर्वीसारखं गुंडाळायला तिला जमेना. तशीच अर्धवट गुंडाळून तिने ती पिशवीत ठेवली आणि निघून गेली.

वर्षभरात भिंगवाल्याचं दुकान उठलं. संग्राहक त्याच्या इतर वस्तूंकडेही संशयाने पाहायला लागले, आणि त्या धंद्यात एकदा विश्वास गेला की माणूस संपतो. पत्रेवालीने त्या दुकानावर लागलेलं नवं कुलूप मुद्दाम वाट वाकडी करून पाहिलं, दोनदा.

म्हातारीचा पत्ता मात्र लिलावघराने दिला नाही. मग तिने एक चिठ्ठी लिहिली : तुमची शिंपीण माझ्या वडिलांनीच केलेली आहे, तीळ त्यांच्याच हातचा आहे, मी त्या दिवशी खोटं बोलले. खाली वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, मग स्वतःचं. कारकुनाने बाई पुन्हा आल्या तर देतो म्हणून चिठ्ठी खणात टाकली. दर लिलावाच्या दिवशी पत्रेवाली कामावरून अर्धी सुट्टी घेऊन जाते, शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवते, आणि चिठ्ठी अजून खणातच आहे का ते विचारून परत येते.