पिवळ्या डबीतली खडपं

रत्नागिरीच्या बंदरावर सुहासचं दुकान आहे. दोर, बोये, बॅटऱ्या, रेनकोट, आणि बाहेरच्या बाकावर बसून जगाला नावं ठेवणारे तांडेल, म्हणजे होड्यांचे कप्तान. सुहास स्वतः तांडेलाचा थोरला मुलगा. रीतीने त्याच्याच हातात होडी यायची, पण त्याला बोट लागते. जेटी सुटली की सकाळचा चहा बाहेर. मच्छीमाराच्या घरात असा मुलगा निपजला, याचं दुःख त्याच्या बाबांनी गावभर सांगितलं आणि मग त्याला दुकान टाकून दिलं.

त्या दुकानातच 'पिवळी डबी बचाव समिती'चं कार्यालय आहे. डबी म्हणजे हातात मावणारा पिवळा जीपीएस. भर समुद्रात आपण कुठे आहोत ते तो दाखवतो. एखादी जागा लक्षात ठेवायची असेल तर तिथे चिन्ह टाकता येतं. मासा गावतो तिथे माशाचं, आणि तळाला जाळं फाडणारं खडप, म्हणजे खडक, असेल तिथे कवटीचं. ही डबी बनवणाऱ्या परदेशी कंपनीने एक दिवस ती बंद केली. सुटे भाग बंद, नवे नकाशे बंद, ईमेलला उत्तर बंद. 'नवीन मॉडेल घ्या' हा प्रेमाचा सल्ला तेवढा चालू. कुणीतरी फोनवरचं एक ॲपही आणलं. फार सुंदर ॲप होतं. फक्त ओल्या बोटांना ते दाद देत नव्हतं, आणि मच्छीमाराची बोटं समुद्रावर कोरडी असतात असं ते बनवणाऱ्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

मग सुहासने मनावर घेतलं. झिजलेल्या बटणांच्या जागी जुन्या स्लिपरचं रबर कापून बसवलं. बॅटऱ्या बदलल्या, पाणी शिरू नये म्हणून सांध्यांना डांबर लावलं. आणि पावसाळी मासेमारी बंदीनंतर हंगाम उघडायच्या आधी दरवर्षी अपडेट सुरू केलं. सगळ्या तांडेलांनी डब्या आणायच्या, सुहासने सगळ्यांच्या कवट्या लॅपटॉपवर एकत्र करायच्या आणि त्या सगळ्यांच्या डबीत भरायच्या. एकाला सापडलेलं खडप सगळ्यांना कळावं, कुणाचं जाळं फाटू नये. कल्पना इतकी थोर होती की एका पाहुण्याने भाषणात तिला 'सागरी सहकाराचा दीपस्तंभ' म्हटलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अपडेटच्या दिवशी लॅपटॉपला हार घालून पुढे नारळ फोडतात. पहिल्या वर्षी नारळाचं पाणी कीबोर्डमध्ये गेलं. तेव्हापासून नारळ बाहेर फोडतात.

यंदाच्या अपडेटला सुहासच्या जिवाला घोर होता. बाबांचे गुडघे गेले होते आणि होडीवर धाकटा ओमकार तांडेल म्हणून पहिल्यांदा जाणार होता. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक हंगाम देतंय. जमलं तर होडी तुझी. नायतर विकतंय, नि तू मुंबैला जाऊन कुणाच्या तरी दारात उभा राहा वॉचमन म्हणून." ओमकारला समुद्राखेरीज काही येत नव्हतं आणि काही नकोही होतं. सुहासला होडी मिळाली असती तर हा प्रश्नच आला नसता, हे त्याला रोज जेवताना टोचायचं.

अपडेटच्या आदल्या रात्रीपर्यंत सुहासचा सहकारावर विश्वास होता. मग त्याने विठू तांडेलाची डबी लॅपटॉपला लावली. पावसाळ्यात हीच डबी बटणं बदलायला आली होती, तेव्हा एका जागेवर मासा होता. नेमकं तेच ठिकाण आता कवटी झालं होतं. पावसाच्या दोन महिन्यांत समुद्राच्या तळातून खडप उगवलं म्हणावं, तर ते विठूच्याच माशावर बरं उगवलं!

सुहासने कपाळाला हात लावला. एक बटण दाबलं की माशाची कवटी होते. आपली माशाची जागा आपल्या डबीत राहते आणि बाकीचे तिकडे फिरकत नाहीत. त्याने सगळ्यांच्या कवट्या पुन्हा बघितल्या. नकाशावर इतकी खडपं झाली होती की बंदरातून बाहेर पडायला होडीला पंख लागले असते. एकाने तर भर वाटेवर, जिथून रोज चाळीसेक होड्या जातात, तिथे खडप टाकलं होतं. तो बहुधा फार घाईत होता.

मग सुहासला मार्ग सुचला. जे खडप दोघातिघांनी टाकलंय ते खरं. जे एकट्याचंच आहे तो त्याचा मासा. गणित सोपं होतं आणि मोह मोठा होता. समितीचा सचिव म्हणून त्याने सगळ्यांच्या डब्यांत नियमाप्रमाणे सगळ्या कवट्या भरल्या. भाऊ म्हणून ओमकारच्या डबीतल्या एकट्या कवट्यांचे मासे करून टाकले.

दुसऱ्या दिवशी बाबल्या तांडेल डबी परत न्यायला आला. बाबल्या म्हणजे बंदरावरचा सगळ्यात मोठा थापाड्या. त्याने पकडलेला रावस दर वर्षी एक वीत वाढतो. त्याने लॅपटॉपवर बोट ठेवून एक कवटी दाखवली.

"ही खरी हाय हां, सुहास. माझं जाळं गेलंय तिथं. आईशप्पत."

बाक हसून हसून हलायला लागला. काउंटरशी उभा ओमकारही हसला. सुहासही हसला. "हो बाबल्याकाका, मोठी करून टाकतो," म्हणाला. ती कवटी बाबल्याची एकट्याचीच होती.

हंगाम उघडला आणि ओमकारला मासा गावायला लागला. सुरमई, पापलेट, बांगडा, जे काय मागाल ते. खलाशी त्याला 'तांडेल' म्हणायला लागले. बाबा दुकानाच्या बाकावर बसून, न विचारता, "रक्तात असावं लागतं" असं सांगायला लागले, आणि सांगताना सुहासकडे बघायचे. सुहास बोये मोजत राहायचा. त्याला आनंद होता आणि लाजही वाटत होती, पण मासा गावत होता तोवर लाज सोसवत होती.

मग एका संध्याकाळी होडी आली ती रिकामी. जाळ्याचा निम्मा भाग समुद्रातच राहिला होता, उरलेल्याच्या चिंध्या झाल्या होत्या. ओमकार सरळ दुकानात आला आणि डबी काउंटरवर ठेवली.

"दादा, हितं बाबल्याकाकांची कवटी होती. मी तवा हितंच उभा होतो. माझ्या डबीत मासा कसा झाला?"

सुहास डबीची बटणं पुसायला लागला. ओमकारला काय ते कळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे गेले दोन महिने मी तांडेल नव्हतो. चोर होतो," तो म्हणाला आणि घरी गेला.

घरी बाबा काय बोलले ते सगळ्या आळीने ऐकलं. होडीला गिऱ्हाईक बघायचं ठरलं.

त्या रात्री सुहासने समितीच्या ग्रुपवर त्या खडपाबद्दल पहिल्यांदा संपूर्ण खरं लिहिलं. जागा लिहिली, जाळ्याचा फोटो टाकला, 'इथे खरंच मोठं खडप आहे, कृपया जाऊ नका' असं हात जोडून लिहिलं. ताबडतोब अंगठे आले, नमस्कार आले, एकाने फूलही पाठवलं. सुहासला बरं वाटलं. सहकार अजून जिवंत होता.

पहाटे तो जेटीवर आला तर होड्या निघत होत्या, आणि सगळ्यांची तोंडं त्याच दिशेला. विठू तांडेल जाता जाता ओरडला, "काय फोटो काढलास मेल्या! जुनी चिंधी आणलीस कुठनं?"

सगळ्यांनी हिशोब केला होता. ओमकारला दोन महिने मासा गावतोय. त्याचा भाऊ समितीचा सचिव. आणि सचिव स्वतः सांगतोय, इथे जाऊ नका. म्हणजे मासा केवढा असेल!

सुहासने ओमकारला उठवलं, आणि कसलाही विचार न करता होडीत चढला. जेटी सुटली आणि सकाळचा चहा रीतसर बाहेर आला. त्यानंतर रात्रीचं जेवण आलं. खडपाजवळ पोचेपर्यंत त्याच्यात उभं राहायचं त्राण नव्हतं. तरी तो डोलकाठीला धरून, लाल शर्ट हलवत, "जा! परत जा!" असं ओरडत होता. तांडेलांनी ते बघितलं. ज्याला जेटीवर उभं राहून गरगरतं तो सुहास मासा राखायला जातीने आलाय म्हटल्यावर कुणाच्या मनात शंका उरली नाही. सगळ्यांनी घाईघाईने जाळी सोडली. नाही सोडलं ते एकट्या बाबल्याने. तो लांब उभा राहून बिडी ओढत होता.

पहिलं जाळं अडकलं ते विठूचं. मग उरलेली, एकामागून एक. इंजिनं घुरघुरायला लागली, दोर ताणले, शिव्या वाऱ्यावर आल्या.

"ओढू नका!" ओमकार ओरडला. "मी ओढलं म्हनून फाटलं. उलट्या अंगानं काढायचं!"

जवळ मोकळी अशी, जाळंच नसलेली, त्याचीच एक होडी होती. त्याने विठूच्या जाळ्याचं दुसरं टोक घेतलं, खडपाला वळसा घातला आणि पलीकडून हळूहळू ताण दिला. जाळं सुटलं. मग दुसरं, मग तिसरं. कुठे थांबायचं, कुठे इंजिन बंद करून लाटेलाच ओढू द्यायचं, हे त्याला कुठल्याच डबीने सांगितलं नव्हतं. सुहास होडीच्या तळाशी आडवा पडून, मळमळ विसरून बघत होता.

संध्याकाळी बाबा जेटीवर काठी टेकून उभे होते. विठू त्यांच्याजवळ गेला. "तुझ्या पोरग्यानं जाळी वाचवली आमची," म्हणाला. "होडी विकतोस काय? येडा हायस?" आठवड्याने सगळ्यांनी आपापल्या जाळ्यांतले जास्तीचे तुकडे आणून दिले, आणि ओमकारचं जाळं पुन्हा जोडलं गेलं. गिऱ्हाइकाला बाबांनी दारातूनच वाटेला लावलं.

पुढच्या अपडेटला ते खडप सगळ्यांनी आपापल्या हाताने पुन्हा टाकलेलं निघालं. समितीच्या इतिहासात एकमताने टाकलेली ही पहिलीच कवटी. बाबल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि 'मी बोललोच होतो' हे वाक्य दिवसभर पुरवून पुरवून वापरलं. पुढे भाषणं झाली. यापुढे डबीत फक्त खरं टाकायचं, अशी सगळ्यांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली. सुहासने लॅपटॉप उघडला. कवट्या गेल्या वर्षीपेक्षा जास्त होत्या.

शेवटी ओमकारची डबी लावली. दूर, जिथे कुणीच जात नाही अशा जागी, एक नवी कवटी होती.

"हे कसलं खडप रे?" सुहासने हळूच विचारलं.

"लय मोठं हाय, दादा," ओमकार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "कुनाला जाऊ देऊ नको तिकडं."

बाकावर बसलेल्या बाबांनी मान वर करून धाकट्याकडे बघितलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसले.

"झाला," ते म्हणाले. "तांडेल झाला."

सुहासने ती कवटी सगळ्यांच्या डबीत भरली.