फुकट नोंदणीचा रविवार

"हळू! पंखा घासतोय खाली!"

शीलाने हातगाडीचा दांडा दोन्ही हातांनी वर उचलून धरला, तेव्हा कुठे महिपतला इंजिनाखाली खांदा घालता आला. गोणपाटात गुंडाळलेलं होडीचं ते इंजिन त्याने पोटाशी धरून गोदामाच्या अंगणात उतरवलं आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. चेंदणीपासून खोपटपर्यंत गाडी ढकलत आणली होती दोघांनी. मागून शीलाची सासू जनाबाई डोक्यावर रिकामी टोपली आणि टोपलीत पाण्याचा तांब्या घेऊन चालत आली होती. विकायला निघालं की टोपली घरी ठेवायची नाही, ही तिची जन्माची सवय.

"आये, पाणी घे थोडं," महिपत म्हणाला.

"इंजिन विकलं का घेन."

सकाळी एकवीरेच्या तसबिरीला फूल वाहताना तिने मनाशी तसं धरलं होतं. बोलली कुणाला नव्हती, पण चहा तसाच राहिलेला पाहून शीलाने ओळखलं होतं.

शीला मात्र सकाळपासून जमिनीवर नव्हती. गेल्या आठवड्यात जाहिरातीचा गुलाबी कागद तिनेच मासळीबाजारातून आणला होता. एसटी डेपोमागच्या त्र्यंबकशेठच्या लिलावघराला दहा वर्षं पुरी झाली, त्या खुशीत येत्या रविवारी वस्तूंची नोंदणी फुकट. एरवी प्रत्येक वस्तूमागे पंचवीस रुपये मोजावे लागत. कागद तिने घरात तीनदा मोठ्याने वाचून दाखवला होता. खाडीत मासळी उरली नव्हती, महिपत आता वागळे इस्टेटमध्ये पाळीवर जात होता आणि इंजिन पडवीत गंजायच्या वाटेवर होतं. ते विकून शीलाला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. जांभळी नाक्यावरच्या साडीच्या दुकानवाल्याने शब्द दिला होता: गणपतीच्या आत मशीन आणा, रोजच्या वीस साड्या तुमच्या. नाहीतर दुसरी बाई तयारच होती. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि दुकानात नव्या मशीनला साडेचार हजार पडत होते.

दारातल्या टेबलावर आबा कारकून वही उघडून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं,

"वस्तू?"

"होडीचं इंजिन. चालू आहे," शीला म्हणाली. "एकदम चालू!"

"चालू-बंद लिहीत नाही आज. जागा नाही वहीत." त्याने खडू पुढे केला. "नंबर एकेचाळीस. इंजिनावर लिहा नि मोकळ्या जागेत ठेवा."

मोकळी जागा शोधावीच लागली. अंगण गच्च भरलं होतं. स्टोव्ह, पंखे, लोखंडी कपाटं, पाळणे, ट्रंका, सायकली, एका कोपऱ्यात केस कापायच्या दोन खुर्च्या. महिपत मागे एकदा बघायला आलेला, तेव्हा पुरत्या तीस वस्तू नव्हत्या. आज त्यांच्यामागून माणसं येतच राहिली आणि बघता बघता आबाचा खडू दीडशेच्या पुढे गेला. शीलाला जत्रेत आल्यासारखं वाटलं. एवढे लोक, एवढा गलका! म्हणजे गिऱ्हाईकही तेवढंच असणार.

"पंचवीस वाचले ते वाचले," महिपत म्हणाला.

जनाबाई टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. ती वस्तूंकडे बघतच नव्हती. माणसांकडे बघत होती.

"पंचवीस वाचले नि सव्वाशे जण जास्ती आयले," ती म्हणाली. "हे समदे विकवाला आयलेत. घेवाला कोन हाय ते बग."

शीलाने पाहिलं. ज्याच्या-त्याच्या हातात खडूने नंबर घातलेलं काहीतरी होतं, नाहीतर तो आपल्या सामानाला टेकून उभा होता. रिकाम्या हाताची माणसं भिंतीकडेला, पंचवीस-तीस. त्यातले निम्मे भंगारवाले. ती माणसं हात मागे बांधून, निवांत, पान चघळत उभी होती. घाई फक्त विकणाऱ्यांना होती.

तरीही शीलाचा उत्साह ओसरला नाही, कारण तेवढ्यात तिला ते मशीन दिसलं. पिको-फॉलचं. मोटार नसलेलं, पायाने चालवायचं, पण पायपट्टी नि चाक लख्ख पुसलेलं. शिलाई मशीनच्या रांगेत शेवटचं, नंबर चौसष्ट. सुईखाली हिरव्या कापडाचा तुकडा तसाच अडकवलेला. शेजारी चष्मा लावलेली एक बारीकशी बाई चाकावर हात ठेवून उभी होती, गर्दीत पोराचा हात धरावा तशी.

"बघू का चालवून?" शीलाने विचारलं.

"बघा ना. आठच वर्षं झालीत घेऊन. तेल मी दर शनिवारी घालते." बाई बाजूला सरली. वासंती तिचं नाव. डोंबिवलीहून टेम्पो करून आली होती. "ह्यांची बदली झाली रत्नागिरीला. परवा सामान हलवायचं. तिथे डिपॉझिट भरायचंय खोलीचं. अडीच हजार तरी येतील ना हो? तुम्हाला काय वाटतं?"

शीलाने पायाने पट्टी दाबली. मशीन लोण्यातून गेल्यासारखं चाललं. हिरव्या कापडाच्या कडेला बारीक, एकसारखी वेल उमटत गेली. शीलाचे कान तापले. हेच. दुसरं कुठलंही नको, हेच.

"येतील की," ती म्हणाली आणि घाईघाईने उठून सासूकडे आली.

"आये, मशीन! अगदी पाहिजे तसं!"

जनाबाईने मान वळवून एकदा पाहिलं. चौसष्ट नंबर पाहिला, रांग पाहिली, वासंती पाहिली.

"सात मशीनी हाईत एका वळीत. खाली मातीवर," ती हळूच म्हणाली. "आटशेला येल तुला."

आठशे! शीलाने दोन्ही हात तोंडावर धरले. हसू बोटांतून बाहेर येत होतं.

घंटा वाजली. त्र्यंबकशेठ पांढरी टोपी सारखी करत रांगेच्या सुरुवातीला उभा राहिला आणि चालता चालता बोलू लागला. एका वस्तूला मिनिटसुद्धा मिळत नव्हतं. "नंबर एक, स्टोव्ह, बोला! वीस. वीस एक वार, दोन वार, तीन वार. नंबर दोन!" पंख्यांच्या रांगेत पहिला पंखा साठाला गेला, चौथा पस्तिसाला. सहावा घ्यायला कुणी नाही. त्याचा मालक हसला आणि मग हसणं आवरून पंखा पुसत बसला.

एकोणिसावा नंबर इंजिनाचा निघाला. त्यांच्यासारखंच, कळव्याच्या कुणाचं तरी. भंगारवाल्याने बुटाने त्याला ढोसलं.

"चालतं का?"

"चालतं हो, देवाशपथ!"

"सगळ्यांचंच चालतं." इंजिन एकोणीसशेला गेलं.

महिपतचा चेहरा उतरला. "चल, परत नेऊ."

"थांब रं," जनाबाई म्हणाली. ती गोदामाच्या आतल्या बाजूला बघत होती. तिथे कमरेइतक्या उंचीचा सिमेंटचा ओटा होता. त्यावर दिव्याचा झोत, समोर बाकं. वर काहीच नव्हतं.

चेंदणीच्या बंदरावर तसाच एक सपाट दगड होता. टोपली दगडावर चढली की मासळी उलटीपालटी करून दाखवायची, प्रत्येक गिऱ्हाइकाने वाकून बघायचं, मग भाव. चिखलात राहिलेल्या टोपल्या ढिगाने जायच्या. आणि त्या दगडाचा एक रिवाज होता: जिची टोपली दगडावरून विकली गेली, तिने पुढच्या बाईची टोपली स्वतःच्या हाताने वर चढवून द्यायची. मग ती बाई कुणी का असेना. लग्नाच्या पहिल्या वर्षी शीलाला मनुबाईची टोपली उचलावी लागली होती. त्याच सकाळी मनुबाईने तिच्या कोळंबीला सगळ्यांदेखत नावं ठेवली होती. शीला दातओठ खात बघत राहिली, तेव्हा जनाबाईने फक्त डोळ्याने दगड दाखवला होता.

आता जनाबाई उठली आणि आबाच्या टेबलापाशी गेली.

"तो ओटा रिकामा कनाला ठेवलाव?"

"मावशी, ओट्याचे पंचवीस. आज नोंदणी फुकट, ओटा फुकट नाही. खाली लिहिलंय कागदावर."

शीलाने घाईने पर्समधला गुलाबी कागद उलगडला. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: ओट्याचे शुल्क नेहमीप्रमाणे. तीनदा वाचून दाखवताना ती इथवर आलीच नव्हती. जनाबाईला वाचता येत नव्हतं, आणि दर वेळी तिने एवढंच विचारलं होतं, "समदं वाचलंस काय गो?"

जनाबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली.

"हे घे. एकेचालीस नंबर वर ठेव. नि एक पाण्याचा पिंप दे."

"अहो, फुकट असताना पैसे भरताय?" मागून कुणीतरी ओरडला. अंगणात हशा उठला.

"आजी, जास्त झालेत का?"

"तुला व्हये तं तुजेपन भरतंय, बाला," जनाबाई म्हणाली. हशा दुप्पट झाला, पण आता तो तिच्या बाजूचा होता.

हसायला म्हणून वळलेली माणसं ओट्याकडे बघतच राहिली. महिपतने फळी लावून इंजिन पिंपावर घट्ट बसवलं, पंखा पाण्यात सोडला. पहिल्यांदा दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा फुस्स झालं. भंगारवाला खाकरला. शीलाने पदर कमरेला खोचला आणि ओट्यावर चढून चोक निम्मा आत ढकलला. पावसाळ्यात ते इंजिन तिथेच अडतं हे तिला ठाऊक होतं. महिपतने तिसऱ्यांदा दोरी खेचली.

गोदाम दणाणलं! पत्रे थरथरले, निळा धूर छताला गेला, पिंपातलं पाणी उसळून पुढच्या बाकावर बसलेल्यांच्या मांडीवर सांडलं. माणसं ओरडत, हसत मागे सरली आणि दुप्पट जोराने पुढे आली. भिंतीकडेचे सगळे आत आले.

"बंद करू नका!" शहाडचा गुणाजी, रेतीच्या होड्यांवाला, गर्दी सारत पुढे आला. कान लावून ऐकलं. "अडीच हजार."

"तीन!"

"साडेतीन, बोला साडेतीन!" त्र्यंबकशेठची टोपी मागे सरकली होती. शीलाचं काळीज इंजिनापेक्षा जोरात चाललं होतं. चार. साडेचार. गुणाजीने पानाची पिंक गिळली असावी. "पाच हजार, आणि इंजिन आत्ता उचलतो."

एक वार, दोन वार, तीन वार.

महिपतने आईला टोपलीसकट उचललं. "सोर रं मेल्या, लोकं बगतान!" ती ओरडली, पण हसत होती. शीला ओट्यावरच उभी होती, हातांना ग्रीस, गालाला ग्रीस. पाच हजार! आणि मशीन आठशेला. मशीन घेऊन चार हजारांवर उरणार होते. ती मनातल्या मनात देवीला नारळ कबूल करून मोकळी झाली.

तिने खाली उडी मारली. ओटा पुन्हा रिकामा झाला. जनाबाईने तांब्या हातात घेतला, झाकण काढलं आणि थांबली. शीलाकडे तिने पाहिलं नाही. ओट्याकडेही नाही.

त्र्यंबकशेठ पुन्हा अंगणात गेला होता. "नंबर अठ्ठावन्न, शिलाई मशीन, बोला. सातशे. एकोणसाठ. साडेसहाशे." शीला धावत रांगेशी पोचली. वासंतीने तिला पाहताच हात धरला.

"त्रेसष्ट, सहाशे, तीन वार. नंबर चौसष्ट, बोला!"

"साडेपाचशे," भंगारवाला म्हणाला.

"सातशे," शीला म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला.

वासंतीने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, सुटल्यासारखं. "तुम्ही घेताय? बरं झालं बाई. भंगारात तरी नाही जाणार," ती म्हणाली आणि सुईखालचा हिरवा तुकडा सोडवू लागली. तो निघेना. तिची बोटं नीट चालत नव्हती.

"सातशे एक वार," त्र्यंबकशेठ म्हणाला. "सातशे दोन वार…"

"थांबा."

"काय झालं? बोली मागे घेताय?"

"नाही." शीलाने मागे वळून पाहिलं. गर्दीतून ओट्याचा एक कोपरा दिसत होता. पिंपातल्या पाण्याने ओला, दिव्याखाली चमकणारा. "चौसष्ट नंबर ओट्यावर घ्या. पंचवीस माझ्या नावावर लिहा."

त्र्यंबकशेठने चष्मा खाली केला. "बाई, बोली तुमचीच आहे. सातशेला मशीन तुमचंच होतंय. वर नेलंत तर भाव चढेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"शीले, येडी झालीस काय?" महिपत पुटपुटला.

शीलाने पदर पुन्हा खोचला आणि मशीनचं एक टोक धरलं. "धरा हो वासंतीताई. जड आहे, मला एकटीला नाही जमायचं."

ओट्यावर चढल्यावर वासंतीने चष्मा पुसला. हिरवा तुकडा अखेर निघाला, पण दाखवायला दुसरं कापड नव्हतं. शीलाने आपल्या साडीचा पदर सोडून सुईखाली दिला. वासंती बसली. पाय टेकला, आणि तिचे हात एकदम तिचे स्वतःचे झाले. पदराच्या काठावर वेल धावू लागली, वळली, फुलली. मागच्या बाकावरच्या, ब्लाउजची आपापली दुकानं असलेल्या कल्याणच्या दोन बायका उठून पुढे आल्या. एकीने काठ बोटांत धरून उजेडाकडे केला.

"बाराशे," ती म्हणाली.

"दीड हजार," दुसरी.

वासंतीने मान वर केली. डोळे मोठे झाले होते, पण पाय थांबला नाही.

"अठराशे," शीला म्हणाली. पदर मशीनमध्ये अडकल्यामुळे तिला वाकूनच हात वर करावा लागला.

"दोन हजार!"

"एकवीसशे!" शीला.

महिपत आईजवळ आला. "आये, इंजिन गेलं ना. आता तरी पी पाणी."

जनाबाईने तांब्याचं झाकण परत लावलं, टोपली ओट्याजवळ सरकवली आणि नीट दिसेल अशी तिच्यावर बसली.

"थांब रं जरा," ती म्हणाली. "अजून बोली चाललेय."