चादरीतून आलेला हात

माझ्या ऊनाला ते मी शिकवलं. दुसऱ्या कुणी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घरातले सगळे मला उलटं पटवू पाहतात.

आमच्या धर्माच्या उपासनेवर, मिस्सेवर, सरकारची बंदी आहे, म्हणून मिस्सेच्या वेळी आमच्याकडे फादर आणि माणसं यांच्यामध्ये चादर टांगतात. माझ्या जन्माआधीपासूनची पद्धत. चादरीपलीकडे कोण उभं आहे ते कुणी बघायचं नाही. मग उद्या न्यायाधीशानं बायबलवर हात ठेवायला लावून विचारलं, ‘मिस्सा कुणी केली?’ तर बेधडक सांगता येतं, ‘साहेब, मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.’ खोटी शपथ घडत नाही आणि माणूसही वाचतो. साधा फादर सापडला तर त्याला जहाजात घालून देशाबाहेर काढतात. बिशपला एकदा काढलं आणि तो परत आला, तर मात्र फास. आमचे बिशप, फर्गल ओ'डेविन, असे परत आलेले होते. नऊ वर्षं ते आमच्याच डोंगरपट्ट्यात कुठेतरी राहत होते. कुठे, कोणत्या वेषात, ते फार थोड्यांना माहीत होतं, आणि त्या थोड्यांना बाकीचे काही विचारत नव्हते.

मागच्या ईस्टरला ऊनानं चादरीची कड उचलली. तीन वर्षांची होती. ‘आई, ह्यांच्या बुटाला भोक आहे,’ असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. माणसं हसली. सासूबाईसुद्धा तोंडाला शाल लावून हसल्या. मला हसू आलं नाही. मोठ्या माणसाला गप्प बसता येतं. तीन वर्षांच्या पोरीला कुणी मधाचं बोट लावून विचारलं तर ती काय काय सांगेल?

माझे वडील फादर व्हायला समुद्रापलीकडे सालामांकाला गेले होते आणि आजारपणामुळे अर्ध्यातून परतले. तिथे जे शिकले ते त्यांनी मला शिकवलं. माझा नवरा टायग त्यावरून चिडवतो. ‘नुआला, तुझ्या बापानं तुला लॅटिन शिकवलं, पण झोपायला शिकवायचं राहूनच गेलं.’ खरं आहे. धाकटा फेलिम झाल्यापासून तर मी त्याचा श्वास ऐकत पडून राहते.

तर या वर्षी निरोप आला की ऑगस्टच्या जत्रेआधीच्या सोमवारी स्वतः बिशप येणार आणि मुलांना दृढीकरण देणार, म्हणजे कपाळाला तेल लावून त्यांची श्रद्धा पक्की करणार. पुन्हा कधी येतील कोण जाणे, म्हणून चार-चार वर्षांच्या मुलांनाही आणायला सांगितलं होतं. मी त्याच दिवशी पिठाच्या रिकाम्या पोत्याला चीर पाडली, ते दोरीवर टांगलं आणि ऊनाला समोर उभं केलं.

पोत्याच्या चिरेतून मी हात बाहेर काढायची. हात दिसला की तिनं गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, हाताचा मुका घ्यायचा. मग मी तिच्या कपाळावर बोटानं क्रूस काढायची, तेल लावल्यासारखा. मग गालावर हलकी चापट. बिशप ती मारतातच. श्रद्धेसाठी पुढे मार खावा लागेल, त्याची ती आठवण. चापट बसली की तिनं ‘आमेन’ म्हणायचं. आणि मी खांद्याला हात लावेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. काही झालं तरी नाही.

‘अगं, पोरगी आहे ती, घोडं नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘किती वेळा गोल फिरवशील?’

‘तिनं डोळे उघडले तर ती त्यांना पाहील.’

‘पाहिलं तर पाहिलं. देवानं डोळे कशाला दिलेत?’

‘आणि उद्या तिला कुणी विचारलं म्हणजे?’

सात दिवस मी ऊनाकडून करून घेतलं. पोत्यातून हात आला की ती खेळ टाकून गुडघ्यावर यायची. पाचव्या दिवशी मी भाकरी भाजताना नुसता दारामागून हात काढून पाहिला. तरी ती खाली बसली, डोळे मिटले, आणि वाट पाहत राहिली. मला केवढा अभिमान वाटला होता.

सोमवारी पहाटे, जुन्या चुनभट्टीच्या खोलगटात, सासूबाईंच्या चादरीला पाडलेल्या चिरेतून तो हात आला. म्हातारा, पण कष्टकऱ्यासारखा राकट. करंगळी गळासारखी आत वळलेली, अंगठ्याचं नख काळंनिळं. चोवीस मुलं होती. कुणी रडलं, कुणी चादर ओढली, एकानं बोटच चावलं, तेव्हा चादरीमागून ‘अरे बाबा, उपास मोडलास की!’ असं दबक्या आवाजात आलं आणि बायका खुसखुसल्या. माझी ऊना मात्र एकदाही चुकली नाही. ‘आमेन’ म्हणाली आणि मी खांद्याला हात लावेपर्यंत पापणी हलवली नाही.

तो हात मी पाहिला. सगळ्यांनीच पाहिला. तोंड झाकायची एवढी काळजी, पण हाताचं काय, हा विचार इतक्या वर्षांत कुणाच्याच मनात आला नव्हता. माझ्याही नाही.

गुरुवारी जत्रा होती. फेलिमला पाठीशी बांधून, ऊनाचं बोट धरून, सासूबाईंबरोबर मी किलाराच्या मैदानावर गेले. काखेत फाटकी चाळण होती. आमच्याकडच्या चाळणी मेंढीच्या कातड्याच्या. लाकडी कड्यावर कातडं ताणायचं आणि तापलेल्या तारेनं भोकं पाडायची. त्या विकणारा डोनल दर जत्रेला यायचा. त्याच्याइतका वाईट चाळणवाला साऱ्या परगण्यात नव्हता. उजव्या हाताला कायम चिंधी गुंडाळलेली, ‘तारेनं भाजलंय’ म्हणायचा.

‘काय हो डोनल,’ मी चाळण त्याच्या पुढ्यात टाकली, ‘ही तिसऱ्यांदा फाटली. ओटच्या पिठाबरोबर कोंबडीसुद्धा खाली पडेल यातून.’

‘मग फायदाच झाला की, बाई. पीठ आणि कोंबडी एकदमच.’

‘अरे, तुझ्या बापानं हाच धंदा केला का?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही हो आजी. म्हणून तर तो चांगला जेवून मेला.’

आजूबाजूच्या बायका हसल्या. पलीकडे दोन शिपाई सफरचंदं खात उभे होते, आणि त्यांच्याबरोबर हॅलक. हॅलक म्हणजे फादर लोकांचा माग काढून देणारा माणूस. आमच्याच शेजारच्या गावचा. त्याला आमची सगळी नावं ठाऊक. तो दिसला की मी निघून जायची. त्या दिवशी गेले नाही. निघाले तर त्याला संशय येईल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर चाळणही हवी होती.

‘नंतर शिवून ठेवतो,’ डोनल म्हणाला. त्यानं हॅलककडे पाहिलं होतं.

‘नंतर नाही. गेल्या वेळीही नंतरच म्हणालात. आत्ता, माझ्यादेखत.’

‘बाई, हाताला लागलंय.’

‘लागलंय, लागलंय! दोन वर्षं लागलंय. सोडा ती चिंधी आणि नीट टाका घाला.’

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. त्यात राग नव्हता. मग त्यानं दातांनी गाठ सोडली, चिंधी मांडीवर ठेवली, दाभण घेतलं, आणि चाळण उभी धरून दोरा ओढायला फाटक्या कातड्यातून हात बाहेर काढला.

करंगळी मला दिसली. पण माझ्याआधी ती ऊनाला दिसली.

ती खाली बसली. चिखलात, दोन्ही गुडघ्यांवर. डोळे मिटले. आणि त्या हाताचा मुका घेतला.

हॅलक सफरचंद चावत होता, ते चावणं थांबलं.

मला एवढंच सुचलं की हे थांबवायचं. ‘शी! घाणेरड्याचा हात कसला तोंडाला लावतेस!’ मी ओरडले, आणि तिच्या गालात मारली. जोरात. तिची मान हलली.

ऊनानं डोळे उघडले नाहीत. गालावर माझी बोटं उमटत होती. दोन्ही हात जोडून, स्पष्ट आवाजात, शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली, ‘आमेन.’

हॅलक सावकाश आमच्याकडे आला. ‘आमेन?’ तो म्हणाला. ‘चाळणी विकत घेताना आमेन म्हणतात होय आता?’

‘लहान आहे ती, साहेब,’ सासूबाई म्हणाल्या. ‘येड्यासारखं करते कधीकधी.’

‘आजी, तुम्हाला विचारलं नाही.’ तो माझ्याकडे वळला. ‘नुआला, तू शिकलेली आहेस. तुला शपथेची किंमत कळते. या माणसाला मिस्सेत पाहिलंस का?’

‘त्यांचं तोंड मी कोणत्याही मिस्सेत पाहिलेलं नाही,’ मी म्हणाले. ते खरं होतं. आईच्या मांडीवर असल्यापासून पाठ केलेलं वाक्य.

‘तोंड नाही पाहिलंस. बरं.’ त्यानं खाली वाकून चाळणीकडे बोट दाखवलं. ‘आणि हात?’

त्यासाठी आम्हाला कुणी वाक्य शिकवलं नव्हतं. पाठीवर फेलिम रडायला लागला होता. खोटी शपथ घेऊन माझा आत्मा गमवावा, की खरं बोलून त्यांचा जीव? मला काहीच ठरवता येईना, आणि ऊना अजून डोळे मिटून चिखलात बसली होती, कारण मी तिच्या खांद्याला हात लावला नव्हता.

‘बाईला शपथ घालू नका,’ डोनल म्हणाला. आवाज तोच, पण थट्टा गेली होती. ‘मी फर्गल ओ'डेविन. यांच्यापैकी कुणी मला ओळखत नाही. पोरीनं चाळणवाल्याला दया दाखवली, एवढंच.’

शिपायांनी त्यांना धरलं. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘जरा थांबा, हात अडकलाय,’ आणि चाळणीतून हात सोडवून घेतला. तोच हात ऊनाच्या डोक्यावर ठेवला. मग मला म्हणाले, ‘तिला उठव, पोरी. थंडी वाजेल. आणि तिला रागावू नकोस. तिचं एवढंसुद्धा चुकलेलं नाही.’

मी खांद्याला हात लावला. ऊनानं डोळे उघडले, आणि त्यांचं तोंड पाहिलं.

‘आई, हे तर डोनलकाका,’ ती म्हणाली.

त्यांना परगण्याच्या तुरुंगात नेलं. खटल्यात त्यांनी सांगितलं की आपण नऊ वर्षं कुणाच्याही छपराखाली झोपलो नाही. ते खोटं होतं. आमच्यासाठी त्यांनी खोटी शपथ घेतली. त्यामुळे आसरा दिल्याच्या गुन्ह्यात कुणाचं घर गेलं नाही, आमचंही नाही. फासाची तारीख ठरण्याआधीच, नोव्हेंबरात, ते तुरुंगातल्या तापानं गेले. कुठे पुरलं ते सांगितलं नाही. म्हणजे कबरीवर पवित्र पाणी शिंपडायचीही सोय नाही.

मी फादरकडे पापकबुलीला गेले, तेव्हा चादरीमागून ते म्हणाले, यात तुझं पाप नाही. टायगही तेच म्हणतो. सासूबाईंनी चादरीची चीर शिवून टाकली. ‘आता कोण येणार आहे?’ म्हणाल्या, आणि दोरा तोडला. फेलिम चार वर्षांचा झाला तरी त्याच्या कपाळाला तेल लावायला कुणी येणार नाही. आमच्या पट्ट्यात आता बिशप नाही.

चाळण मी आणलेली आहे. अर्धा टाका घातलेला, दोरा लोंबतोय. मी तो पुढे शिवला नाही आणि चाळण टाकूनही दिली नाही. दुसरी चाळण टायगनं आणली. ती चांगली चाळते.

काल मी भाकरी थापत होते. चुलीपाशी ऊनानं ती जुनी चाळण उभी केली होती. समोर फेलिमला बसवलं होतं. तो आता टेकून बसतो. तिनं फाटक्या भोकातून हात बाहेर काढला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. ‘डोळे मीट,’ ती त्याला म्हणत होती. ‘अरे, मीट ना! आई येईपर्यंत उघडायचे नाहीत.’

मी उठले. तिच्या हातातून चाळण हिसकावून घ्यायला माझा हात वर गेला होता. ऊनानं तो पाहिला. तिनं चाळण खाली ठेवली, गाल माझ्याकडे केला, डोळे मिटले आणि वाट पाहत राहिली.

माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं. मी तो कितीतरी वेळ झग्याला पुसत राहिले.