पट्टी उतरली की

बारक्याचं पियानोशी वैर होतं. साधंसुधं नाही, अगदी हाडवैर. "या गाण्यात थोडा पियानो टाकला तर?" असं कुणी नुसतं म्हटलं, की हा गिटार खाली ठेवायचा आणि चहात साखरेऐवजी मीठ पडल्यासारखं तोंड करायचा. "पंक आहे हे, हॉटेलातलं जेवतानाचं संगीत नाही," म्हणायचा. बरं, याच माणसाने एका अल्बममध्ये टाळ्या घेतल्या होत्या, एकात जिन्यावरून गडगडत येणारा पत्र्याचा डबा घेतला होता. डबा चालतो, पियानो चालत नाही. का? तर नाही. त्याच्या थोरल्या बहिणीला यात कधी काही काळंबेरं दिसलं नाही. भाऊ हट्टी आहे हे तिला तो रांगत होता तेव्हापासून माहीत होतं.

तिला सगळे ताईच म्हणायचे. चौघांचा बँड. ताई गायची, बारक्या गिटार वाजवायचा. बासवर मुका होता. त्याला वाचा होती, फक्त वापरायची सवय नव्हती. आणि ड्रमवर धडाम, ज्याला आयुष्यात एकदाही दार हळू लावता आलेलं नाही.

पहिल्या तीन अल्बममधली गाणी म्हणजे नुसती पळापळ. अडीच मिनिटांत सुरू, अडीच मिनिटांत खलास, ऐकणारा घामाघूम. सगळ्यांत गाजलं ते 'मी नाही येत'. जेवायला हाका मारणाऱ्या आईला एकोणीस वर्षांच्या पोरीने खोलीतून दिलेलं उत्तर, एवढंच ते गाणं. पण त्यातला 'नाही' असा काही उंच जायचा, की समोरची हजार माणसं एकदम उडी मारायची. गाण्याआधी बारक्या गिटार उंचावून ओरडायचा, "पांढरी तीन!", मग धडाम काड्यांवर चार मोजायचा आणि सुटायचे सगळे. सूर किती उंच लावायचा त्याची ही पांढरी-काळी नावं पियानोच्या पट्ट्यांवरून, घरात आली ती आईकडून. आई शाळेत पियानोवर गाणं शिकवायची आणि घरात पोरांना हाका मारायची, दोन्ही कामं एकाच पट्टीत. बारक्याच्या कानात ते शिक्षण मुरलं. ताईच्या कानावरून गेलं. समोर जो सूर वाजेल तो ती अचूक पकडायची, पण तो कुठला हे विचाराल तर राम राम.

मग, तिसऱ्या अल्बमनंतर, तिच्या गळ्यात गाठ निघाली.

गाठ साधी होती, देवाची कृपा. ऑपरेशन झालं, गळ्याभोवती ही जाड पट्टी, आणि पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. ताईला गप्प बसवणं म्हणजे उकळतं दूध झाकून ठेवणं. तिने कागदावर लिहिलं आणि तिघांपुढे धरलं: 'नाही' आला नाही तर बँड बंद. मी उरलेलं गाणार नाही. खाली दोन रेघा मारल्या. तिने दोन रेघा मारल्या की त्या घरात कुणी वाद घालत नसे, हे बारक्याला पक्कं ठाऊक होतं.

पट्टी निघाल्यावर महिन्याभराने पहिली तालीम झाली. बारक्या त्या दिवशी ओरडला नाही, नुसती मान हलवली. धडामने चार मोजले, आणि 'नाही' आला. जरा खरखरला, पण आला! ताई तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडली. बारक्या गिटारच्या खुंट्यांवर वाकून किती तरी वेळ काहीतरी खुडबुडत राहिला. डोळे पुसत असेल, असं तिला वाटलं, आणि वर मान करीपर्यंत तिने त्याला मुद्दाम हाक मारली नाही.

त्यानंतर बँडचा आवाज बदलत गेला. चौथा अल्बम जरा जड झाला. पाचव्यात गिटार गुरगुरायला लागली. सहाव्यात तर गाणी चक्क चालायला लागली, पळायची बंद झाली. जुने चाहते फुरंगटले, "म्हातारे झाले," म्हणाले. समीक्षकांनी मात्र डोक्यावर घेतलं. आवाजात खोली आली, पोरकटपणा गळाला, वगैरे. ताईला मुलाखतींत विचारायचे की हे कसं घडलं, आणि ताई सांगायची! "वय वाढलं की राग ओठांवरून पोटात उतरतो. संगीतही मग खाली उतरतं." या वाक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बारक्या शेजारी बसून बुटाच्या नाडीकडे बघायचा.

आता सातवा अल्बम संपत आला होता. एकच गाणं उरलं होतं, तेच, 'मी नाही येत'. चोवीस वर्षांनी पुन्हा, आणि ताईच्या मनात आलं होतं की ते एकट्या पियानोवर गायचं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. हाक मारणारी गेली. आता 'मी नाही येत' कुणाला म्हणायचं? हे गाणं तिला आईसाठी गायचं होतं, आईच्या वाद्यावर. बारक्याला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. म्हणून तिने विचारलंच नाही. एकदा ऐकेल आणि विरघळेल, असा तिचा हिशेब.

स्टुडिओच्या आतल्या खोलीत चादरीखाली एक जुना पियानो पडून होता. तिने सकाळी नवालाच पियानो जुळवणाऱ्या काकांना बोलावलं. बारक्या अकराला यायचा. मुका आणि धडाम लवकर येऊन बाहेरच्या खोलीत वायरी सोडवत बसले होते. काका वाळलेल्या शेंगेसारखे किडकिडीत आणि शेंगेइतकेच टणक. दीड तास तारा पिळून झाल्यावर हात पुसत म्हणाले, "जुळला. गाणार आहात? मला थोडंफार वाजवता येतं. पट्टी कुठली?"

"कुठली म्हणजे? जी आहे ती," ताई म्हणाली. "चोवीस वर्षं एकाच पट्टीत गातेय." आणि तिने पहिला अल्बम लावला. ही बाई स्वतःची जुनी रेकॉर्ड कधी ऐकायची नाही. स्वतःचा आवाज ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं म्हणायची. काकांनी चार ओळी ऐकल्या, "पांढरी तीन," म्हणाले आणि वाजवायला लागले.

ताईने सुरुवात केली. पहिल्याच ओळीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आपल्याच घरात पायरी वर सरकल्यासारखं. तिने रेटलं. आणि 'नाही'पाशी आवाज फाटला. फाटला म्हणजे कसा, निघालाच नाही, नुसती हवा.

"पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिला खोकला आला आणि तिने पियानोची कड घट्ट धरली. बारा वर्षांपूर्वीचा तो कागद तिच्या डोळ्यांपुढे आला, दोन रेघांसकट.

"गेला," ती पुटपुटली. "परवापर्यंत येत होता हो. परवाच मैदानावर गायले."

काका चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, परवा मी तिथेच होतो. माझी नात घेऊन गेली होती. परवा तुम्ही यात गात नव्हता. काळी एकमध्ये गायलात. यापेक्षा तीन घरं खाली." त्यांनी पियानोवर बोट ठेवून एक, दोन, तीन अशी घरं उतरून दाखवली. "मला वाटलं, तुम्हीच उतरवली असणार. वयाप्रमाणे उतरवतात सगळेच."

ताईने दारापाशी जाऊन हाक मारली, ती अगदी आईच्या सुरात. "मुक्या!"

मुका आला. त्याने उघडा पियानो बघितला, काकांना बघितलं, आणि त्याचा चेहरा खडूसारखा झाला.

"तुझी बास कितीमध्ये लावलेली असते?"

"काळी एक," तो म्हणाला. त्या आठवड्यातले त्याचे हे पहिले दोन शब्द.

"कधीपासून?"

"चौथ्यात एक घर. पाचव्यात दोन. सहाव्यात तीन."

मागून धडाम आला होता. "थांब, थांब! म्हणजे बारा वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं," मुका म्हणाला, आणि एवढ्या बोलण्यानेच दमल्यासारखा भिंतीला टेकला.

आता ताईला सगळं लख्ख दिसायला लागलं. पियानोशी वैर का, तर त्याच्या तारा गिटारसारख्या गुपचूप ढिल्या करता येत नाहीत. गिटारच्या तारा ढिल्या केल्या म्हणून त्या लपलपायला लागल्या. म्हणून जाड तारा आल्या. म्हणून गिटार गुरगुरायला लागली, म्हणून बारक्याच्या बोटांना पूर्वीसारखं पळता येईना, म्हणून गाणी चालायला लागली. आणि ती, शहाणी, जगाला सांगत सुटली होती की राग पोटात उतरला! तिला इतकी लाज वाटली की कान तापले. आणि लाजेच्या खाली राग होता. तो बिलकुल पोटात उतरलेला नव्हता.

बारक्या अकराला आला, हातात चहाचा थर्मास. दारातच थबकला. पियानोचं झाकण उघडं होतं. त्याने थर्मास जमिनीवर ठेवला, खूप हळू, आतलं काही सांडू नये असा.

"ताई," तो म्हणाला.

"बोलू नकोस. बारा वर्षं मला येडी बनवलंस. आख्ख्या जगाला माहीत, या काकांच्या नातीलाही माहीत असेल, आणि मला नाही! मी आजारी होते, बारक्या, बावळट नव्हते."

"हो."

"हो काय? का केलंस?"

बारक्या चाळिशीला आला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते, पण उभा होता तो फुलदाणी फोडलेल्या पोरासारखा. "तू कागदावर लिहिलं होतंस. दोन रेघा मारल्या होत्यास. मी दवाखान्यात त्या सिस्टरला विचारलं, हिला कधी गाता येईल? ती म्हणाली, काळजी करू नका, पट्टी उतरली की गातील. मग मी उतरवली."

धडामने फस्सकन हसू सोडलं आणि ताबडतोब तोंडावर हात दाबला. ताईने हसायचं नाही असं ठरवलं होतं. तिचा चेहरा दोन बाजूंना ओढला गेला, आणि ती हसली की रडली हे तिलाही सांगता आलं नसतं.

"गाढवा," ती म्हणाली. "गळ्याची पट्टी म्हणाली ती."

"मला कळलं होतं गं. इतका काही मी हा नाही. पण माझ्या हातात तेवढीच होती."

ताई पियानोच्या स्टुलावर बसली. काका केव्हाच उठून खिडकीबाहेर बघायला लागले होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण भला माणूस. "दर वेळी एकच घर का रे उतरवलंस?" तिने विचारलं. "सहाव्याच्या वेळीसुद्धा मला तो 'नाही' जड जायचा. गाऊन झालं की दोन दिवस घसा धरायचा. मला वाटायचं असंच असतं."

"जास्त उतरवली असती तर तुला कळलं असतं. आणि कळलं असतं तर तू सोडलं असतंस."

"सोडलंच असतं," ताई म्हणाली. हे खोटं नव्हतं. एकतीस वर्षांची ती बाई दोन रेघांची होती; तिने मागे वळून पाहिलं नसतं. चौथा अल्बम झाला नसता, पाचवा नाही, सहावा नाही. ज्यांच्यात खोली-बिली आली म्हणत होते ती सगळी गाणी या खुळ्याच्या खुंट्या पिळण्यातून आली होती. आणि आई शेवटच्या महिन्यात सहावाच अल्बम परत परत लावायला सांगायची. म्हणायची, हा तुझा आवाज मला जवळून ऐकू येतो. आईचा कान! आईला तर पहिल्या ओळीलाच कळलं असणार, आणि तीही बोलली नाही.

"म्हणजे तू बारा वर्षं चोरी पकडली जाऊ नये म्हणून मला चवड्यांवर उभं केलंस," ती म्हणाली. "फळी जरा खाली आणलीस, पण चवड्यांवरच."

"चुकलंच माझं."

"चुकलंच. आता चोरी संपली ना? मग घाबरत घाबरत कशाला? उघड उतरव."

बारक्याने तिच्याकडे पाहिलं.

"माझे पाय जिथे टेकतील तिथवर उतरव. 'नाही' ओरडायचा नाहीये मला आज. आईशी बोलायचं आहे."

काका न सांगता पियानोकडे परतले. एकेक घर खाली येत त्यांनी सूर धरला, ताई गुणगुणत गेली. काळी एक. नको, अजून खाली. पांढरी एक. अजून. आणि मग एका ठिकाणी तिचे खांदे आपोआप सैल पडले. तो आवाज त्या खोलीत कुणी ऐकलेला नव्हता, तिनेही नाही. जाडसर, उबदार, थोडा खरबरीत. मुक्याने बास उचलली आणि खुंट्या पिळायला लागला, आज पहिल्यांदाच सगळ्यांदेखत.

बारक्याने गिटार गळ्यात अडकवली, तारा लावल्या आणि सवयीने नुसती मान हलवली.

"असं नाही," ताई म्हणाली. "पूर्वीसारखं. पट्टी सांग."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. बारा वर्षं न बोललेली गोष्ट अशी चटकन ओठांवर येत नाही. धडाम काड्या धरून थांबला होता.

"सांग रे," ती म्हणाली. "मी कुठे जात नाहीये."

"पांढरी सात," बारक्या म्हणाला, आणि मग घसा खाकरून, गिटार उंचावून, खोलीतले सगळे दचकतील एवढ्या मोठ्याने ओरडला, "खालची पांढरी सात!"

धडामने चार मोजले, आयुष्यात पहिल्यांदा हळू.