रोपे तयार आहेत, कधीही या

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाईट आहे. हसू नका. सहा वर्षांचं मूल तुमच्याकडे नुकतं शाळेत जाऊ लागतं. आमच्यात मात्र सहा वर्षांची म्हणजे म्हातारीच.

तुम्ही म्हणाल, वेबसाईटला कसलं आलंय आत्मवृत्त? ते नदीनं सांगावं, झाडानं सांगावं, फाटक्या छत्रीनं सांगावं. सांगू दे बापड्यांना. त्यांना निदान रात्रीची झोप तरी मिळते. मी सदा उघडी. कुणी येवो न येवो, तोंडात एकदा जे घातलं तेच मी घोकत राहते, आणि स्वतःचं एक अक्षरही मला बदलता येत नाही. ते शब्द खोटे पडले तरी मला गप्प बसता येत नाही! माझी सगळी तगमग इथेच आहे.

माझा जन्म निमगाव केतकीला मुक्ताबाईंच्या ओसरीवर झाला. मुक्ताबाईंची उसाची रोपवाटिका आहे. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा, हिरव्या जाळीखाली वाढवायचा आणि रोप हाताला आलं की शेतकऱ्याला द्यायचं, असा हा धंदा. त्यांची भाची योगिनी तेव्हा बारामतीला कॉम्प्युटर शिकत होती. तिनं सुट्टीत मला घडवलं. मुक्ताबाईंना हातात रोप घेऊन उभं केलं, फोटो काढला. ऊन डोळ्यावर आल्यामुळे त्या फोटोत जरा रागावलेल्या दिसतात.

“आत्या, फोटोखाली काय लिहू?” योगिनीनं विचारलं.

“लिव्ह की, रोपं तयार हायती, कधीबी या.”

योगिनीनं ते शुद्ध करून लिहिलं. खरं तर घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला मुक्ताबाई ‘कधीबी या’ असंच म्हणतात, बांगड्या भरायला आलेल्या कासारणीलासुद्धा. ती घरची रीत होती. धंद्यात तोच शब्द वचन होऊन बसेल, हे तिथं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पहिलं वर्ष माझं फार लाडाचं गेलं. मुक्ताबाईंचे यजमान दादासो यांनी टेम्पोच्या मागच्या फळीवर माझं नाव रंगवून घेतलं. लग्नाकार्यात ते पंगतीला बसायच्या आधी पाहुण्यांपुढे मोबाईल धरायचे. “ही आमची वेबसाईट. बारामतीत बी कुणाची न्हाय आसली!” बारामतीत शंभर असतील, पण मला ते ऐकायला गोड वाटायचं. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग नव्याची नवलाई संपली. योगिनीला पुण्यात नोकरी लागली आणि माझी किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिच्याबरोबरच गेली. दादासोंनी फोनचा नंबर बदलला. सगळ्या गावाला सांगितला, मला सांगायचं राहिलं. जाळीखाली रोपं यायची, जायची, कधी महिना महिना ट्रे उपडे पडलेले असायचे. माझं आपलं चालूच. रोपे तयार आहेत, रोपे तयार आहेत!

सून स्वरूपा एकदा जेवताना म्हणाली, “मामा, वेबसाईटवरचा नंबर तरी बदलून घ्या योगिनीताईकडनं.”

“कशाला?” दादासो म्हणाले. “आपलं गिऱ्हाईक हितल्या हितलं. बाजारच्या दिवशी गाठ पडतीच की. रोपं विकाय वेबसाईट कशाला लागतीया?”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. गावचा माणूस मला विचारून कशाला येईल? तो कुंपणावरूनच हाक मारतो. पण जग निमगावच्या वेशीपाशी संपत नाही. माझ्याकडे कुठून कुठून माणसं येत, तो जुना नंबर लावून बघत आणि निघून जात. प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटायचं, थांबा, मी म्हणते त्यावर जाऊ नका!

एक बाई मात्र निघून गेली नाही. ती भीमेपल्याडची, करमाळ्याकडची. नाव नकोशी. नवरा गेल्यावर दोन एकर रान ती एकटीनं बघत होती. यंदा विहिरीला पाणी लागलं म्हणून पहिल्यांदाच ऊस लावायचा बेत केला होता. दीर म्हणत होता, “तुला जमायचं न्हाय. मला वाट्यानं दे.” शेवटी ठरलं असं की या हंगामात तिनं लावून दाखवायचं, नाही जमलं तर रान दिराकडे जायचं. आठ दिवस ती रोज मला उघडत होती. मुक्ताबाईंचा तो रागीट फोटो तिला का कोण जाणे आपला वाटला. फोन लागेना, तरी तिनं सऱ्या सोडल्या, रान भिजवलं, दुसऱ्या दिवशी लागणीला बाया सांगितल्या आणि भाड्याचा टेम्पो घेऊन थेट निमगाव गाठलं.

त्या दिवशी जाळीखाली विकायची म्हणून होती ती सगळी रोपं आधीच दुसऱ्यांना कबूल केलेली होती.

“रोपं न्हाईत बाई,” दादासो म्हणाले. “फोन करून यायचं की.”

“केला वो, लागंना. पर लिवलंय की, कधीबी या म्हणून.”

“कुणी लिवलंय?”

नकोशीनं मोबाईल काढला आणि मला उघडून मुक्ताबाईंच्या पुढे धरलं. “ह्या तुमीच हायसा नव्हं?”

मित्रांनो, त्या क्षणी वीज जावी, रेंज जावी, काहीही व्हावं असं मला वाटलं. पण रेंज चांगली होती. मुक्ताबाईंनी स्वतःचा फोटो पाहिला, खालची ओळ बोट लावून वाचली. नकोशीनं डोळ्याला पदर लावला. “तसंच माघारी गेलं तर दीर हसंल, आन् रानबी जाईल,” एवढंच ती बोलली.

“माघारी जायचं न्हाय,” मुक्ताबाई म्हणाल्या. “घरच्या रानाची रोपं ठिवल्यात ती भर हिच्या टेम्पोत.”

दादासो चमकले. रस्त्याकडेच्या त्यांच्या स्वतःच्या तुकड्यासाठी ती रोपं राखलेली होती. तिथंही सऱ्या पडल्या होत्या. दुसरी रोपं हाताला येईपर्यंत लागणीची वेळ निघून जाणार होती.

“आगं, येडी का खुळी? आपलं रान मोकळं पडंल.”

“पडू द्या. फोटू माझा हाय, शब्द बी माझाच. तिनं काय वाऱ्याला इचारून रान भिजिवलंय व्हय?”

दादासो गुरगुरत का होईना, पण स्वतःच क्रेट उचलू लागले. टेम्पो भरून गेला.

त्या संध्याकाळी घरात माझाच निवाडा होता. “बंद करून टाका ती अवदसा,” दादासो म्हणाले. स्वरूपा म्हणाली, “मामा, करमाळ्याची बाई आपल्या दारात आली ती हिच्यामुळंच. खोटं हिनं न्हाय, आपण बोललो.” मी श्वास रोखला होता, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

मुक्ताबाईंनी आधी देवापुढं दिवा लावला. मग म्हणाल्या, “दार ठिवायचं आसंल तर उंबरा रोज झाडाय लागतो. झाडणार आसशील तर ठिव. न्हायतर लावून टाक.”

स्वरूपानं योगिनीला फोन करून माझी किल्ली मागून घेतली. आता अंगण झाडून झालं की ती मला उघडते. नंबर नवा आहे. रोपं असतील तर आहेत, नसतील तर नाहीत. पहिल्या दिवशी तिनं ‘सध्या रोपे शिल्लक नाहीत’ असं लिहिलं, तेव्हा आपण धंदाच बुडवतोय असं दादासोंना वाटलं. मला मात्र किती वर्षांनी खरं बोलायला मिळालं!

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी दुकान असेल, गिरणी असेल, रोपवाटिका असेल, आणि कुणी म्हणालं की आपलीही वेबसाईट हवी, तर खुशाल करा. गावाबाहेरचं गिऱ्हाईक आमच्याच बोटाला धरून येतं. पण आम्हाला जन्म देऊन वाऱ्यावर सोडू नका. आम्ही बोलतो ते तुमचंच बोलणं असतं आणि दूर कुणीतरी त्यावर विसंबून रान भिजवत असतं.

परवा मुक्ताबाईंबरोबर रस्त्याकडेच्या रानापाशी उभी राहून स्वरूपा माझ्यात ताजा फोटो टाकत होती. भोवतीचे ऊस गुडघ्याला लागले होते आणि मुक्ताबाईंचा तुकडा तेवढा उघडा होता. सायकलवरून जाणारा एक म्हातारा थांबला.

“मुक्ताबाई, यंदा रानात काय लावलंच न्हाय व्हय?”

“लावलंय की तात्या,” मुक्ताबाई म्हणाल्या. “नदीपल्याड लावलंय. चांगलं फुटलंय म्हणं.”