पहिली वेलांटी की दुसरी

बाळाचा नुकता कुठे डोळा लागत होता, तेवढ्यात बाल्कनीच्या दाराची कडी खट्ट वाजली. भरदुपारी हे दार लावलं कोणी? पाहते तर हे बाहेर उभे. फोन कानाला, पाठ घराकडे.

यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. फोनवर बोलायला लागले की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. आज मात्र नुसती कुजबुज, आणि तीही इंग्रजीत. बाळाला खांद्यावर थोपटत मी काचेपाशी गेले. त्याला झोपवायलाच चाललेय, असं स्वतःला बजावत. एकच वाक्य हाती लागलं.

"आय वॉन्ट टू लिव्ह हिअर."

लिव्ह, की लीव्ह? इथं राहायचंय, की इथून जायचंय? एका वेलांटीवर माझा अख्खा संसार, आणि काच ही एवढी जाड.

लेक खिडकीशी बसून शाळेचा अभ्यास करत होती. सारख्या आवाजाचे शब्द, अर्थ वेगळे.

"आई, 'मीट'चं स्पेलिंग चुकलं ना, तर काकांना भेटायच्या ऐवजी काकांचं मटण होईल!" ती खिदळली.

एरवी तिच्याआधी मीच हसले असते.

"हळू, बाळ उठेल. बरं, लिव्ह आणि लीव्ह कसं ओळखायचं गं?"

"सोप्पंय! राहायचं असेल तर पटकन म्हणायचं. सोडून जायचं असेल तर लांबवायचं. टीचर म्हणतात, जाणाऱ्याला वेळ लागतो."

कडी पुन्हा वाजली. हे आत आले.

"कोणाशी बोलत होता?"

"साहेबांशी. रजा मागत होतो. लीव्ह."

"एवढ्या हळू?"

"बाळ झोपलंय ना!"

केवढी ती काळजी! कालच त्याच्या उशाशी भिंतीला ड्रिल लावलं होतं यांनी.

लेकीनं वहीतून मान वर काढली. "पण बाबा, रजा असेल तर आधी 'टू' नाही येत. तुम्ही 'टू' म्हणालात."

"आल्या मोठ्या मास्तरीणबाई!" ते हसले. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. फोन खिशात टाकला, पायात चपला सरकवल्या, "आलोच" म्हणाले आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

मी लेकीजवळ बसले.

"तूपण ऐकलंस?"

"हो."

"लांबवलं का गं त्यांनी?"

तिनं डोळे मिटून आठवून पाहिलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तुला कुठलं हवंय?"