सारवण झाल्यावर या

डासांच्या फवारणीच्या टोळीला मी गावाच्या वेशीवरूनच परत पाठवलं, तेव्हा अख्ख्या गावाने मला वेड्यात काढलं. गावात तापाच्या गोळ्या वाटायचं, बोटातलं रक्त तपासायचं काम माझ्याकडे. फवारणीला नाही म्हणणाऱ्यांची समजूत घालायचीही मीच. आणि मीच वाटेत आडवी.

पण माझी लेक सुकली सातव्या महिन्यात होती. गेल्या वर्षी शेजारची दोमाई अशीच पोटुशी होती, हिवतापाने पाच दिवसांत गेली. तिच्या घरात फवारणी झाली होती. आठ दिवसांनी नुआखाई आली, नव्या भाताचा सण. देवाला नवा तांदूळ दाखवायचा तर घर आतून-बाहेरून लाल मातीने सारवावंच लागतं. दोमाईने पोट सांभाळत सगळ्या भिंती सारवल्या. औषध गेलं मातीखाली, डास बसले मातीवर. मला हे तेव्हा सुचलं नाही, त्याचा राग अजून माझ्याच जिवाला खातो.

म्हणून यंदा मी आरोग्य केंद्राच्या राउतराय साहेबांना आधीच सांगितलं होतं, "साहेब, सारवण झाल्यावर या."

"तारखा जिल्ह्यातून येतात, बाई. तुमचं सारवण आधी उरका."

"तो दिवस दिसारी ठरवतो, भात पिकेल तसा. भात काय जिल्ह्याला विचारून पिकतं?"

साहेब हसले आणि कागदावर लिहून मोकळे झाले, 'गावाचा विरोध'.

मुहूर्त काढणाऱ्या त्या दिसारीकडेही मी गेले, सण जरा आधी घे म्हटलं. तो म्हणाला, "देवाला कच्चं भात दाखवू का?" त्याचंही खरंच होतं.

सुकली म्हणाली, "आई, आपल्यापुरतं फवारून घे. आपण नको सारवूया."

"आणि बाकीच्या पोरींचं काय? त्यांना चावलेला डास तुला सोडेल?"

सण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बारा जणी लाल मातीच्या टोपल्या घेऊन आरोग्य केंद्रावर गेलो. सोबत दोमाईची आई कामुलीही होती. केंद्राच्या भिंतीवर फवारणीचं वेळापत्रक रंगवलेलं, गावं आणि तारखा ठळक अक्षरांत. आम्ही माती कालवली आणि सारवायला लागलो.

साहेब चहाचा कप घेऊनच धावत आले. "अगं, काय चाललंय हे? सगळं गेलं ना!"

"गेलं कुठे? खाली आहेच की," मी म्हटलं. "वाचा बरं आमच्या गावाची तारीख."

"मातीखालचं कसं वाचणार?"

"मग मातीखालचं औषध डासाला कसं मारणार, साहेब?"

साहेबांनी ओल्या मातीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "सरकारी भिंत आहे. काम जाईल तुझं."

"जाऊ दे. टोळी कधी पाठवता, ते सांगा."

तेवढ्यात कामुलीने हातातली माती खाली ठेवली. वर्षभर ती कुणाशी धड बोलली नव्हती. "तुमच्या कागदात माझ्या पोरीचं घर फवारलेलं आहे," ती म्हणाली. "पोर मातीखाली आहे."

साहेबांनी कप कट्ट्यावर ठेवला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, पण पंप होते. पंप आणि औषधाच्या पिशव्या आम्ही डोक्यावर घेतल्या, फवारणीवाली दोन माणसं मागून चालत आली.

कार्तिकात सुकली बाळंत झाली. मुलगी आहे. दोघींना ताप शिवला नाही.

केंद्राची भिंत अजून लालच आहे. नवं वेळापत्रक लिहायचंय, धुऊन दे, असा साहेबांचा दोनदा निरोप आला. मी कळवलंय, आधी दिसारीला सणाचा दिवस विचारून या, मग धुते.